नदीपलीकडची बावीस माणसं

बावीस माणसं मी एका दुपारी उडप्याच्या हॉटेलात बसून तयार केली. त्यांना वयं दिली, कामधंदे दिले, कोण कुणाला मत देणार तेही ठरवून टाकलं. त्यातली एक बाई पस्तीस वर्षांची होती आणि तिला महागाईची काळजी होती. एक अठ्ठेचाळीस वर्षांचा गिरणीकामगार होता, संपानंतर घरी बसलेला. आता ह्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर कित्येक वर्षं बसलेल्या माणसाचं आडनाव मला परवा आठवेना, पण ह्या बावीस जणांपैकी एकालाही मी विसरलेलो नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी एकवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, बँकेची लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीच्या पत्राची वाट बघत बसलेला. आम्ही बोरीवली पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो. पत्राची वाट बघणं हे काम आहे असं माझं मत होतं, आईचं नव्हतं. "पोस्टमन काय तुझ्या बसण्यानं लवकर येणार आहे का?" असं ती दिवसातून दोनदा तरी म्हणायची. त्यामुळे घराबाहेर काढणारं कुठलंही काम मला चालणार होतं.

आमच्या भागात तेव्हा एक चार पानी साप्ताहिक निघायचं. संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि जाहिराती गोळा करणारा असा सगळा एकच माणूस होता. त्याचा स्टेशनजवळ छापखाना होता. एरवी तिथे लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापली जायची, गुरुवारी साप्ताहिक. त्या वर्षी महापालिकेची निवडणूक आली आणि संपादकाच्या डोक्यात भरलं की मोठी वर्तमानपत्रं देशाचा कौल काढतात, तर आपण आपल्या वॉर्डाचा का काढू नये? त्याने आठ पोरं जमवली, त्यांतला मी एक. प्रत्येकाला पन्नास फॉर्म दिले. नियम एकच होता, पण तो त्याने तीन वेळा सांगितला. दर पाचवं दार ठोठावायचं. पाचव्या दाराला कुलूप असेल तर सहावं, पण ओळखीचं घर बघून शिरायचं नाही. नाव लिहायचं नाही. वय, धंदा, मत कुणाला, आणि शेवटचा प्रश्न, आपल्या भागातली सर्वात मोठी अडचण कोणती. मोबदला म्हणून चहा, बटाटेवडा, आणि पेपरात नाव. मला त्या नावाचंच आकर्षण होतं. तोवर माझं नाव छापून आलं होतं ते फक्त परीक्षेच्या निकालात, आणि तेही आडनावाच्या गर्दीत.

निवडणुकीला उमेदवार पुष्कळ होते, पण खरे तीन. एक कंत्राटदार, ज्याच्याकडे जीपगाड्या आणि माणसं होती. दुसरा वकील, ज्याच्याकडे पक्ष होता. आणि तिसरे आमचे सर, ज्यांच्याकडे एक शिडी होती.

सर म्हणजे माझ्या शाळेतले गणिताचे सर. शाळा दहिसरला, नदीच्या अलीकडच्या काठावर. दहावीच्या चाचणीत मी गणितात सपशेल आपटलो तेव्हा ते आमच्या घरी आले होते, आणि वडिलांना म्हणाले होते, "ह्याला रोज सकाळी सहाला माझ्याकडे पाठवा." वर्षभर मी त्यांच्या घरी जमिनीवर बसून गणितं सोडवली. त्यांनी कधी एक पैसा घेतला नाही, कधी हातही उगारला नाही. चुकलं की पेन्सिलीने त्या ओळीखाली एक छोटी रेघ मारायचे आणि वही परत द्यायचे. चूक कुठे झाली हे आपलं आपण शोधायचं. बी.कॉम.पर्यंत मी पोचलो तो त्या रेघांमुळेच.

सर निवडणुकीला उभे राहिले ते एका साकवासाठी. नदीपलीकडे एक वस्ती होती. कोकणातून आलेली माणसं, पूर्वी गिरण्यांत होती, आता मिळेल ते काम करणारी. तिथली चाळीसेक मुलं आमच्या शाळेत यायची. नदीत सात मोठे दगड टाकलेले होते, त्यांवरून उड्या मारत यायची. पावसाळ्यात दगड पाण्याखाली जायचे आणि ती मुलं दोन-दोन आठवडे शाळेत दिसायची नाहीत. नाक्यावरून वळसा घालून यायचं तर लहान पोरांना तासभर चालावं लागे. कोकणात ओढ्यावर पायी जाण्यापुरता छोटा पूल घालतात, त्याला साकव म्हणतात. त्या वस्तीचा शब्दच तो होता, "आमका साकव होयो," आम्हाला साकव हवा. सरांनी आठ वर्षं अर्ज केले. शेवटी चिडून अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह मिळालं शिडी. शाळेच्या रंगकामाची बांबूची शिडी दोघांच्या खांद्यावर देऊन सर संध्याकाळी गल्लीगल्लीतून फिरायचे. कंत्राटदाराची माणसं हसायची. सर त्यांनाही नमस्कार करायचे.

फॉर्म वाटताना संपादकाने मला बाजूला घेतलं. "तू त्यांचा विद्यार्थी. तुला शाळेच्या बाजूचा आणि पलीकडचा भाग देतोय, कारण तुला माहिती आहे. पण तुझ्या फॉर्मांवर माझी नजर राहील. सरांची आरती नकोय मला."

मला भलता राग आला. माझ्या प्रामाणिकपणावर शंका घेतली म्हणून. ते आठवलं की आज हसू येतं, आणि ते चांगलं हसू नसतं.

खरं म्हणजे मला तो भाग माहीत नव्हता. अलीकडचा होता, पलीकडे मी कधीच गेलो नव्हतो. सहा वर्षं त्या शाळेत काढली, पलीकडची मुलं माझ्या बाकावर बसली, माझ्या डब्यातली चटणी त्यांनी खाल्ली, पण तिकडची मुलं इकडे यायची, इकडचं कुणी तिकडे जायचं नाही. त्यात काही वावगं आहे असंही वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी अठ्ठावीस फॉर्म खरोखर भरले. ते मात्र कुणीही तपासून बघावेत. सोसायट्यांचे जिने चढून चढून पोटऱ्या दुखायला लागल्या. एका गुजराती बाईंना मी साबणाची पावडर विकायला आलोय असं वाटलं आणि मी बोलून संपेपर्यंत त्यांनी दार लावून घेतलं. एका निवृत्त गृहस्थांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि अर्धा तास माझ्या फॉर्ममधल्या भाषेच्या चुका काढल्या. मत मात्र सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, "तू कुणाचा माणूस ते आधी बोल, मग मी बोलतो." तरी लोक सांगत होते. त्या अठ्ठाविसांत सरांना बऱ्यापैकी मतं होती, मला वाटलं होतं त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी उरले बावीस, आणि उरली नदीपलीकडची वस्ती.

आता बुटांचं सांगतो. मुलाखतीसाठी वडिलांनी मला काळे चामड्याचे बूट घेऊन दिले होते. नवे बूट चावतात, म्हणून आठवडाभर घालून फिर, मऊ होतील, असं त्यांनी बजावलं होतं. तेच पायात होते. मी काठावर उभा राहिलो. उन्हाळ्याचं पाणी, फार नव्हतं, पण वरच्या अंगाला तबेला होता आणि म्हशी पाण्यात बसलेल्या. दगडांवर हिरवं शेवाळ. मी पहिल्या दगडावर एक पाय ठेवला. तो सरकला नाही, पण बुटाचा तळ सरकला. मी पाय मागे घेतला. बूट काढून हातात घ्यावेत, हे सुचलं होतं मला, सुचलं नाही असं खोटं सांगणार नाही. पण त्या घाणेरड्या पाण्यात अनवाणी उतरायचं, पलीकडे जाऊन चिखलाचे पाय घेऊन बावीस दारं ठोठावायची, आणि मग परत तेच, ह्याचा मला कंटाळा आला. दुपारचे बारा वाजले होते, ऊन डोक्यावर होतं आणि मला भूक लागली होती. एवढंच कारण. ह्याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

स्टेशनच्या वाटेवर उडप्याचं हॉटेल होतं. कोपऱ्यातलं टेबल धरलं, इडली मागवली, आणि फॉर्म काढले. खिशात निळं आणि काळं अशी दोन पेनं होती, गल्ल्यावरून तिसरं मागून घेतलं. अक्षर कधी उजवीकडे कलतं काढलं, कधी डावीकडे. गृहिणी, वय पस्तीस. गिरणीकामगार, वय अठ्ठेचाळीस. भाजीविक्रेता. वॉचमन. एक विद्यार्थी, नुकताच एकवीस पूर्ण, पहिलंच मत. तो भरताना मला गंमत वाटत होती, लेखक असल्यासारखं वाटत होतं.

मत कुणाला, ह्या रकान्यापाशी हात थांबला. साध्या अकलेने बघितलं तरी ती वस्ती सरांची होती. ते त्यांच्याचसाठी उभे होते. पण मला संपादकाचा आवाज ऐकू येत होता, सरांची आरती नको म्हणणारा. बावीसपैकी पंधरा फॉर्म सरांचे निघाले तर तो म्हणणार, विद्यार्थ्याने मास्तरची बाजू घेतली. आणि तपासायला दुसरा कुणी पलीकडे गेला, तर मी गेलोच नव्हतो हे उघडं पडणार. म्हणून मी सरांना दोन मतं दिली. बाकीची कंत्राटदार आणि वकील ह्यांच्यात वाटून टाकली. शेवटच्या रकान्यात, मोठी अडचण कोणती, तिथे महागाई लिहिलं, पाणी लिहिलं, रेशन लिहिलं, गटार लिहिलं. साकव हा शब्द मी एकदाही लिहिला नाही. लिहिला की संशय येईल असं वाटलं. मी इतका निःपक्षपाती झालो होतो.

संपादक खूश. "आठ जणांत तुझे फॉर्म सगळ्यात नीट," तो म्हणाला, आणि बाकीच्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा रे, सरांचा विद्यार्थी असून ह्यानं कणभर बाजू घेतली नाही." मी मान खाली घालून वडा खात होतो. लाजल्यासारखं दाखवत होतो, आतून सुखावलो होतो. माझं मला वाटतही होतं की मी काहीतरी अवघड आणि सरळ काम केलंय.

मतदानाला दहा दिवस असताना अंक निघाला. पहिल्या पानावर ठळक मथळा, आपल्या वॉर्डाचा कौल. कंत्राटदार पुढे, वकील थोडा मागे, सर तिसरे. ह्यात कुणाला धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. पण खाली चौकटीत संपादकाने भागवार माहिती दिली होती, आणि तिथे लिहिलं होतं की ज्या नदीपलीकडच्या वस्तीसाठी सर उभे आहेत तिथेच त्यांना पाठिंबा नाही, आणि साकवाचा प्रश्न तिथल्या एकाही मतदाराला महत्त्वाचा वाटत नाही. त्याखाली बारीक अक्षरांत आम्हा आठ जणांची नावं. आईने ते पान कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

रविवारी सकाळी सर घरी आले. हातात तो अंक होता. आईने चहा टाकला. सर नेहमीसारखे लोखंडी खुर्चीच्या अगदी टोकाशी बसले.

"पलीकडचे फॉर्म तू भरलेस, असं कळलं," ते म्हणाले.

"हो सर."

"किती?"

"बावीस."

"बावीस." त्यांनी अंक उघडला, पुन्हा घडी घातली. "मतांचं एक वेळ समजू शकतो. गरीब माणूस आहे, जीपगाडी येते, कुणी काही देतं. त्याचं मला वाईट नाही वाटत. पण बावीस जणांपैकी एकानेसुद्धा साकव म्हटलं नाही? आपणहून?"

मी म्हणालो, "नाही सर."

"मी तिकडे जातो तेव्हा सगळे साकव साकव करतात. पण माझ्या तोंडावर कोण काय बोलणार? मी त्यांच्या मुलांचा मास्तर. मला बरं वाटावं म्हणून बोलत असतील. तुझं तसं नाही. तू त्यांना अनोळखी. तुला त्यांनी खरं तेच सांगितलं असणार." मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तू स्वतः गेला होतास ना रे?"

आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. सर रागावले नसते, त्यांनी वहीतल्यासारखी एक रेघ मारली असती आणि मी ती चूक दुरुस्त केली असती. आठवडा हातात होता.

"हो सर, गेलो होतो," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. त्यांनी चहा घेतला, आईला मुलाखतीच्या पत्राबद्दल विचारलं, मला म्हणाले की व्याजाची गणितं पक्की करून ठेव. जाताना अंक खुर्चीवरच राहिला. मी तो उचलून खाली पळालो नाही.

दोन दिवसांनी नाक्यावर वकिलाची सभा होती. अर्ज मागे घ्यायची मुदत केव्हाच टळली होती, म्हणजे मतपत्रिकेवर सरांचं नाव आणि शिडी राहणारच होती. पण सर त्या सभेत स्टेजवर चढले. मी मागे, पानाच्या टपरीला टेकून उभा होतो. सर म्हणाले की, मी ज्यांच्यासाठी उभा राहिलो त्यांची अडचण मला नीट समजली नव्हती असं दिसतं. माझ्यामुळे मतं फुटू नयेत. वकीलसाहेबांनी साकवाचा शब्द दिला आहे, तर माझी मतं कृपा करून त्यांना द्या, शिडीवर शिक्का मारू नका. टाळ्या पडल्या. गर्दीत कुणीतरी "मास्तर पळाले" म्हणालं. सर स्टेजवरून उतरले ते कुणाच्याही खांद्यावर हात न ठेवता, हळूहळू.

त्यानंतरचे चार दिवस मी काय केलं? एकदा सरांच्या दारापर्यंत गेलो. आतून मुलांना पाढे म्हणायला लावल्याचा आवाज येत होता. आता शिकवणी चालू आहे, मध्येच कसं बोलायचं, असं स्वतःला सांगून मी परत फिरलो. त्याच दिवशी मुलाखतीचं पत्र आलं. मग नवीनच भीती बसली. सांगितलं तर संपादक छापणार, छापलं तर बँकेला कळणार, खोटे फॉर्म भरणाऱ्या पोराला कॅशच्या पिंजऱ्यात कोण बसवणार? मी घाबरलो, दुसरा शब्द नाही. भ्याड माणूस स्वतःला व्यवहारी म्हणवून घेतो, तसं मीही म्हणवून घेतलं.

मतमोजणीच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाबाहेर गर्दीत उभा होतो. कंत्राटदार निवडून आला. वकील पडला. आणि तिसरा आकडा वाचला तेव्हा गर्दीत कुजबुज झाली. ज्या माणसाने स्टेजवर उभं राहून मला मत देऊ नका म्हणून हात जोडले होते, त्याला हजारावर मतं पडली होती. वकील जेवढ्याने पडला त्यापेक्षा ती जास्त होती. सर नको म्हणत असताना इतकी मतं, तर हो म्हणत राहिले असते तर किती पडली असती? ते निवडून आले असते का? मला माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. कळायचा एकच रस्ता होता आणि तो मी इडली खात बंद करून टाकला होता.

आठवड्याभराने सरांचा निरोप आला. पलीकडच्या लोकांचे आभार मानायला जायचंय, तूही ये, तुला तिथली माणसं ओळखत असतील. त्याच दिवशी सकाळी माझी मुलाखत होती. ती आटोपून मी फोर्टातून थेट दहिसरला आलो. पांढरा शर्ट, वडिलांचा टाय खिशात कोंबलेला, पायात ते काळे बूट, आता चांगले मऊ झालेले. न जाण्याचं कारण मी गाडीत बसून शोधत होतो. सापडलं नाही.

सर नदीपाशी उभे होते. चपला हातात घेऊन पुढे झाले आणि माझ्याकडे पाठ करून सराईतपणे दगडांवरून गेले. मी मागून कसाबसा गेलो. तिसरा दगड डुगडुगला आणि मी दोन्ही हात पसरून तोल सावरला. सरांनी ते पाहिलं नाही.

वस्तीत पोचल्यावर पोरं धावत आली. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. सरांना बघून ती उठली आणि भांडायलाच लागली. "काय हो सर, सभेत सांगलात, शिडयेर शिक्को मारू नकात म्हणान! आमी तुमचा ऐकलाव नाय. सगळ्यांनी शिडयेरच मारलो. आमका साकव होयो, वकील नको."

सर हसले. कितीतरी दिवसांनी हसले असावेत. म्हणाले, "आजी, पण पेपरात तर आलं होतं की तुम्हाला साकव नकोय."

"कोणी सांगल्यान? आमका कोणी इचारूकच नाय! हय कोण इलोच नाय."

सर माझ्याकडे वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी सहज म्हणाले, "असं कसं? हा आला होता ना, मागच्या महिन्यात, फॉर्म घेऊन?"

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शर्ट बघितला, बूट बघितले. "हो? नाय बा. ह्याका मी आज पयल्यांदाच बघतंय." मग मागे वळून तिने सुनेला हाक मारली, शेजारणीला हाक मारली. त्या आल्या, त्यांनीही मला बघितलं. एकीने पोराला विचारलं. कुणीच मला ओळखत नव्हतं. मी त्या ओट्यासमोर उभा होतो आणि सगळी वस्ती मला एकेक करून बघत होती, आणि नाही म्हणत होती.

माझ्या खांद्यावरचा हात क्षणभर तसाच राहिला. मग सरांनी तो काढला.

"दुसरा कुणी आला असेल," ते म्हातारीला म्हणाले. "तुमच्या लक्षात नसेल."

"आमच्या लक्षात नाय?" म्हातारी पुन्हा सुरू झाली, पण सर पुढच्या घराकडे निघाले होते. ते दारोदार गेले, हात जोडले, मुलांची नावं घेऊन चौकशी केली. मी त्यांच्या मागून चाललो. ते मला ओरडत का नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. ओरडले असते तर मी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत कबूल केलं असतं असं मला वाटतं. पण आपण काय केलं असतं हे मी आता खात्रीने सांगत नाही.

परतताना सरांनी मला पुढे घातलं आणि ते मागे राहिले. सातवा दगड, सहावा, पाचवा, चौथा. तिसऱ्यावर पाय ठेवला तसा तो कलंडला आणि माझा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात गेला. सरांनी मागून माझा दंड पकडला. त्यांची पकड घट्ट होती.

"ह्या दगडावर पूर्ण भार देऊ नये," ते म्हणाले. "इकडे एकदा जरी येऊन गेलेल्या माणसाला ते ठाऊक असतं."

मी मान वर केली नाही. "सर," म्हणालो. पाण्यात उभा राहून मी रडायला लागलो. एकवीस वर्षांचा घोडा.

त्यांनी मला काठावर आणलं. पायात चपला घातल्या. मग माझ्या पायांकडे बघितलं. बुटातून पाणी गळत होतं.

"नवे दिसतायत," सर म्हणाले. "घरी गेल्यावर आत कागद भरून सावलीत ठेव. उन्हात नको. नाहीतर वाया जातील."

एवढं बोलून ते शाळेच्या दिशेने चालायला लागले.